माझ्या नावाचा आकडा

बुधवार, दुपार

प्रिय ताईस,

धाकट्याचा वाकून नमस्कार.

पत्रास कारण, एक गंभीर तक्रार. तुझे यजमान माझ्या वर्तमानपत्रातलं शब्दकोडं रोज मी वॉर्डात पोचण्याआधी सोडवून ठेवतात. तेही पेनाने! परद्रव्यहरणाला शास्त्रात प्रायश्चित्त आहे. या पातकाची शास्त्रकारांना कल्पनाच नव्हती. जाब विचारला तर म्हणतात, "शालकमहाराज, पेशंटशी वाद घालू नये."

सासूबाई उठून बसतात का? त्यांना टाकून तुला इथे येता येत नाही, हे भाऊजी जाणतात. फोनवर तू नेमकं विचारतेस आणि मी "आवाज तुटतोय" म्हणतो. आवाज चांगला येतो, ताई. म्हणून लिहितो आहे.

काल प्रत्यारोपण समितीची बैठक झाली. हृदय प्रत्यारोपणाच्या यादीत भाऊजींचं नाव घेतलं नाही.

त्यांचं हृदय इतकी वर्षं थकलेलं, की मागे तुंबणाऱ्या रक्ताने फुप्फुसातल्या रक्तवाहिन्या कडक झाल्या आहेत. तिथला दाब फार वाढला, की दुसऱ्याचं निरोगी हृदयही त्यापुढे टिकत नाही, टेबलावरच थांबतं. किती दाबाला थांबतं, हे शोधण्यात माझी उमेदीची वर्षं गेली. आम्हा हृदयाच्या डॉक्टरांत तो आकडा माझ्या नावाने ओळखतात. तू तेव्हा शेजारीपाजारी सांगत सुटली होतीस. भाऊजींचा दाब त्या आकड्याच्या वर आहे. तो उतरावा म्हणून महिनोन्‌महिने औषधं दिली. तसूभर हलला नाही. हृदयाच्या डाव्या बाजूला मदतीचा यांत्रिक पंप बसवावा, तर हृदयाची उजवी बाजूही गेली आहे.

आज सकाळी भाऊजींना सांगितलं. म्हणाले, "म्हणजे फाटक तुम्ही बांधलंत आणि अडकलो आम्ही! वा रे मेहुणे." नंतर वर्तमानपत्राची घडी घालून माझ्या हातात दिली. मग म्हणाले, "तिला तुम्हीच कळवा. मला नाही जमायचं."

नात्यातला म्हणून मला बैठकीत बसू देत नाहीत. मी बाहेर बाकावर होतो. तू म्हणशील, आत असतास तर भांडला असतास. नाही, ताई. आत असतो तर मीही नाहीच म्हटलं असतं. ते हृदय ज्याच्या छातीत चालेल त्यालाच मिळायला हवं. तोही कुणाचा तरी नवराच.

शनिवारी मी त्यांना घरी घेऊन येतो. प्राणवायूचं यंत्र बरोबर असेल. पलंग खालच्या खोलीत लाव. फार दिवस नाहीत.

त्यांना तू आत घेशील. मला घेशील का, याची मला भीती वाटते.

तुझाच, अजून तरी,
धाकटा