पोटावरची तोफ

३ जुलै, सकाळ
सगळं बदललं ते १७ नोव्हेंबरला, दुपारी सव्वाबारा वाजता. आतड्याचा कॅन्सर निघाला तेव्हा नाही. तो डॉक्टरांनी कापून काढला, विषय संपला. बदललं ते ऑपरेशनच्या पाचव्या दिवशी. माझ्या वर्गातली ती वॉर्डात भेटायला आली, सोबत तिचा लॅब पार्टनर, चष्मेवाला. माझ्या आतड्याचं तोंड आता पोटावर, त्याला स्टोमा म्हणतात, आणि त्यावर पिशवी. ती 'कसा आहेस' म्हणाली. माझ्याआधी पोटानेच उत्तर दिलं. लांबलचक. चष्मेवाला म्हणाला, "चला, पेशंट बोलायला लागला." आणि ती हसली.
मी डोळे मिटून घेतले.
संकल्प: सूड.

४ जुलै
तिसऱ्या वर्षात कॉलेज सोडलं ते निषेध म्हणून. आई सगळ्यांना 'तब्येतीमुळे' सांगते. आईला तत्त्व कळत नाही. ताई म्हणते, निषेध कुणाचा ते तरी सांग, त्यांना कळवू.

७ जुलै, दुपार
पक्की बातमी. २० तारखेला कॉलेजच्या हॉलमध्ये चष्मेवाल्याचं प्रेझेंटेशन. ती असणारच. ज्या शस्त्राने माझी अब्रू गेली, त्याच शस्त्राने त्याची घालवायची. भाषण ऐन रंगात, हॉल चिडीचूप, आणि मागून तोफ! हशा. त्याची ततपप. ती बघतेय.
स्टोमाच्या सिस्टरना फोन केला, आवाज ठरल्या वेळी कसा काढावा? म्हणाल्या, लोक कसा थांबवावा ते विचारतात. त्याला झडप नसते राजा, तो तुझं ऐकायचा नाही.
बघू कोण कुणाचं ऐकतं.

९ जुलै
तालीम. आठला कोबी. अकराला आवाज. किरकोळ.

१० जुलै
कोबी, कांदा, सोडा. अकरा दहाला दणका. ताईने पलीकडच्या खोलीतून विचारलं, हाक मारलीस का? यश.

११ जुलै
सगळं तेच खाल्लं. सकाळभर शुकशुकाट. दुपारी डॉक्टरांकडे. रिपोर्ट स्वच्छ. आई रडली. डॉक्टर हात मिळवायला पुढे झाले आणि तेव्हा तोफ उडाली. शिस्त कमी पडतेय.

१५ जुलै
शोध लागला! पिशवीला वर बारीक फिल्टर असतो, त्यातून गॅस हळूच निघून जातो. अंघोळीपुरतं त्यावर लावायला स्टिकर मिळतात. ते लावूनच ठेवायचं. दारूगोळा वाया का घालवा? ताई म्हणाली, फुटशील. लोकांना दुसऱ्याचं डोकं चाललेलं बघवत नाही.

२० जुलै, सकाळी ८
कोबी झाला. स्टिकर लावलं. पांढरा शर्ट. आईने जादा पिशवी सॅकमध्ये घातली होती, मी काढून ठेवली. लढाईला निघालेला माणूस परतीचं तिकीट काढत नाही.

२० जुलै, दुपारी १२.२० (मोबाइलवर. कॉलेजचं टॉयलेट. आतून कडी.)
तो बोलायला लागला. हॉल चिडीचूप. ती पहिल्या रांगेत. मी शेवटच्या रांगेत पोट पुढे काढून तयार. दहा मिनिटं झाली. सोळा झाली. पोट गप्प. जन्मात इतकं गप्प नव्हतं. शर्टाखाली मात्र उशी फुगत चाललेली. तो 'धन्यवाद' म्हणाला, टाळ्या पडल्या, मीही वाजवल्या (सवय!) आणि कोपर उशीवर बसलं. पिशवीची कड सुटली.
पांढरा शर्ट. पुढचं लिहीत नाही.

१२.३५
दारावर टकटक. चष्मेवाला! म्हणाला, उघडू नकोस, खालून सरकवतो. दाराखालून पिशवी आली, ओले रुमाल आले, त्याचा टी-शर्ट आला. म्हणाला, बाबांसाठी गाडीच्या डिकीत ठेवलेलंच असतं. पिशवीचं माप त्यांचं आहे, जरा सैल बसेल, घरी जाऊन बदल. फिल्टर बंद केलास ना? बाबांनीही एकदा केलेला, लग्नाच्या हॉलमध्ये. सहा वर्षं झाली त्यांना. पिशवी वाजली की स्वतःच म्हणतात, पेशंट बोलायला लागला.
पिशवी बदलली, टी-शर्ट चढवला. शत्रूच्या टी-शर्टवर बदक आहे.

२० जुलै, संध्याकाळ
बाहेर आलो तर ती उभी. म्हटलं, आता तोंडी हिशोब. त्या दिवशी हसलीस का, विचारलं. म्हणाली, कुठल्या दिवशी? वॉर्डात, म्हटलं. म्हणाली, अरे, तू झोपला होतास ना? आम्ही दोन मिनिटांत निघालो. जागा होतास? मग बोलला का नाहीस? आठ महिने फोन उचलत नाहीस, वेडा आहेस का? कॉलेजला परत यायचा फॉर्म भरायला तीस तारीख शेवटची.
म्हटलं, विचार करतो.
तेवढ्यात तिचा फोन वाजला. "आलेच रे," म्हणाली. त्या 'रे'मध्ये जे होतं ते माझ्या वाट्याला कधीच आलं नाही. आणि चष्मेवाला तर माझ्या शेजारी उभा होता.
म्हणजे आठ महिन्यांचा राग आणि बारा दिवसांचा कोबी मी चुकीच्या माणसावर वाया घालवला.

२१ जुलै, रविवार, सकाळी ७
सूड रद्द नाही. फक्त माणूस बदलला. तो 'रे' कोण, हे चष्मेवाल्याला नक्की माहीत असणार. त्याच्या बाबांचा फोन आला होता. म्हणाले, तलावावर ये, पोहतानासुद्धा सुटणार नाही अशी पिशवी कशी बसवायची ते दाखवतो. जातोय. निव्वळ माहिती काढायला.
ताईने विचारलं, मग सॅकमध्ये पोहायची चड्डी कशाला? आणि दोन जादा पिशव्या?
असल्या प्रश्नांना मी उत्तरं देत नाही. निघालो. दार लावून घेतोय.