जावयासाठी राखलेली कोंबडी

सोलगोल, १० एप्रिल १९७९

चि. बोक-ही हिस आईचे अनेक उ. आशीर्वाद.

इकडे सर्व ठीक. मासानमध्ये गिरणीच्या धुराशिवाय तुला काही दिसतं की नाही, ते कळव. आपली तांबडी कोंबडी खुडूक झाली, म्हणून तिच्याखाली चौदा अंडी ठेवली आहेत. बाकीच्यांना सकाळी दार उघडून देते, दाणा मात्र एक टाकत नाही. शेजारची योंग-जूची आई मला चिक्कू म्हणते. म्हणू दे. तिच्या कोंबड्या दिवसभर चुलीपाशी आशाळभूतासारख्या उभ्या असतात. आपल्या मात्र चेस्टनटच्या झाडाखालचा पाला उकरतात, ओढ्याकाठी गांडुळं काढतात आणि पोटं फुगवून घरी येतात. कुठे काय मिळतं ते त्यांना तांबडीनेच शिकवलं.

आता मुद्द्याचं. तुझ्या मागच्या पत्रात ग्यू-तेक नावाचा कुणी तीनदा आला, आणि तिन्ही वेळा तुझं घड्याळ बिघडल्यामुळे. एक घड्याळ किती वेळा बिघडतं गं? तो कुणाचा मुलगा? गाव कोणतं? मासा खाताना काटे नीट काढतो का? सगळं लिही.

वाट पाहणारी,
आई


मासान, ६ मे १९७९

ती. आईस बोक-हीचा शि. सा. न. वि. वि.

घड्याळ पहिल्यांदा खरंच बिघडलं होतं. पुढच्या दोन वेळांबद्दल विचारू नकोस.

ग्यू-तेक घड्याळं दुरुस्त करतो. काटे नीट काढतो, अगदी चिमट्याने काढावेत तसे. तो कुणाचा मुलगा, हे त्यालाही ठाऊक नाही. युद्धानंतर अनाथालयात वाढला. आडनावसुद्धा तिथल्या संचालकांचं. हे तुझ्यापासून लपवणार होते, पण मला ते कधी जमलंय? आई, आम्हांला लग्न करायचं आहे. तू नाही म्हणालीस तर मी करणार नाही, मग दुसऱ्या कुणाशीही नाही.

जूनच्या पहिल्या रविवारी त्याला घेऊन येते. घरात आजारपण आलं तरी अंड्यांवर बसणाऱ्या कोंबडीला तू कुणाला हात लावू देत नाहीस. पण ताईचा नवरा पहिल्यांदा आला, तेव्हा अशीच एक कापलीस आणि सगळ्या गावाला कळलं की हा जावई. तू तोंडाने काही बोलू नकोस. ताटात काय येतं, त्यावरून मी समजेन.

रागावलीस तरी माया पातळ करू नकोस.

तुझी,
बोक-ही


सोलगोल, ८ जून १९७९

बोक-ही हिस,

आशीर्वाद आहेतच. संतापाने लिहिते आहे. अक्षर लागलं नाही तर दोनदा वाच.

तो अनाथ आहे हे वाचलं तेव्हाच माझं ठरलं होतं. ज्याच्यासाठी आजवर कुणी कोंबडी कापली नाही, त्याला माझी सगळ्यांत चांगली द्यायची. पिल्लांना पिसं फुटली होती, आपापली चरायला लागली होती. मी तांबडीचे पाय बांधले, पाणी उकळत ठेवलं, आणि ह्या गृहस्थाने येऊन सुतळी सोडली! वर म्हणाला, हिला नका कापू, सुकी मासळी चालेल मला. योंग-जूची आई कुंपणावर कोपरं टेकून बघत होती. दुपारपर्यंत गावभर झालं की मासानच्या पोराने आपलं घर नाकारलं. आणि तू? मान खाली घालून बोटं मोडत बसलीस.

त्याला नको असेल तर तसं सांग. मी काही कुणाच्या पाया पडणार नाही.

आई


मासान, १७ जून १९७९

बोक-हीच्या आईस ग्यू-तेकचा सा. न. वि. वि.

तुम्हांला काय म्हणून हाक मारावी ते ठरेना, म्हणून मायना असा अवघडलेला आहे. माफ करा.

त्या कोंबडीचा अर्थ मला बोक-हीने परतताना बसमध्ये सांगितला. ही रीत प्रत्येकाला घरी कळते म्हणतात. मला सांगायला कुणी नव्हतं. मला वाटलं, माझ्यासारख्यासाठी तुमचं एवढं नुकसान कशाला?

सुतळी सोडण्याआधी तासभर मी तांबडीच्या मागे हिंडलो होतो. किडा सापडला की ती उचलायची, खाली ठेवायची आणि पिल्लांना बोलवायची. मी मोजलं: अठरा वेळा. स्वतः एकदाही खाल्लं नाही. मग ती खाते कधी? बोक-ही म्हणते, सगळ्याच आया असं करतात. मला ते पहिल्यांदाच जवळून बघायला मिळालं, म्हणून ती सुतळी बघवली नाही. घर नाकारलं नाही हो. मला ते फार हवं आहे.

चूक पदरात घ्यावी.

आपला नम्र,
ग्यू-तेक


सोलगोल, १ जुलै १९७९

चि. ग्यू-तेक यास अनेक उ. आशीर्वाद.

तीस वर्षं मी कोंबड्या पाळते, पण ती खाते कधी, हे कधी बघितलं नव्हतं. तुझ्या पत्राने डोक्यात किडा सोडला. तीन दिवस कामं टाकून पायरीवर बसले. बोक-हीचे बाबा म्हणाले, म्हातारीला लागलं वेड. तर ऐक: पिल्लं उन्हात मातीत लोळून पेंगली की ती ओढ्याकडे एकटी जाते आणि भराभरा, कुणी बघत नसल्यासारखी खाते. मला हसू आलं, मग रडू आलं. मीही पोरं निजली की भांड्याच्या तळाची खरपुडी उभ्या उभ्या खायची.

आणखी एक सांगते, पण बोक-हीला दाखवू नकोस. त्या दिवशी सुतळी बांधताना माझेच हात चालत नव्हते. ताईच्या वेळची कोंबडी कापल्यावर चरायच्या जागा दाखवणारी उरली नाही, वर्षभर माझा कळप भरकटला होता. तू सोडलीस तेव्हा आधी सुटल्यासारखं वाटलं. राग नंतर आला, तो शेजारणीमुळे.

सुगीला, चुसोकच्या सणाला दोघं या. कोंबडा कापणार आहे. म्हातारा आहे, दात शाबूत ठेवून ये. योंग-जूच्या आईलाही मुद्दाम जेवायला बोलावलं आहे. मी तंगडी तुझ्या वाडग्यात घालेन तेव्हा नको म्हणायचं नाही, आभार मानायचे नाहीत. तिच्यादेखत, मोठ्याने, ‘आई, आणखी वाढ’ एवढंच म्हणायचं. जमत नसेल तर बसमध्ये घोकत ये.

तुझी,
आई