देश जपान

मंगळवार, सांजच्याला. हैदराबाद, खोलीवर.

आज गावाकडं आबा घराच्या पाण्याच्या टाकीवर चढले. फौजेत गुडघा गेलेला माणूस, आणि माझ्यामुळं शिडी चढला.

दिवाळीत आमच्या टाकीवर वायफायचा डबा बसवून मी शेजारच्या अभ्यासिकेतला कॉम्प्युटर जोडला होता. इथं ज्याच्या हाताखाली काम शिकतो त्या उस्तादाचं बघून दोन्हीच्या सेटिंगमध्ये देश म्हणून जपान लिहिलं. तिकडचा एक चॅनेल आपल्याकडं रिकामा असतो, रेंज लय भारी मिळते. भरतीचा अभ्यास करणाऱ्या पोरी खूश. मी गावभर मिरवलो.

तेव्हापासून कॉम्प्युटर लावला की एक ओळ यायची. इंग्रजी म्हणून वाचलीच नाही. काल इथनंच त्या कॉम्प्युटरला अपडेट मारला, आणि वायफाय गेलं. उस्तादाला विचारलं तर हसला. कर्नलमधली, म्हणजे कॉम्प्युटरच्या मूळ सिस्टीममधली, कुठलाही देश लिहून चालवायची जुनी सोय पुढच्या अपडेटला काढणार, खरा देश भरा, हेच ती ओळ सांगत होती म्हणे.

पण तोवर मी आबांना बोलून बसलेलो, "माकडांनी वायर तोडली असंल." कसं सुचलं मला?

दुपारी त्यांचा फोन. धापा टाकत होते. "वायर धड हाय रं. तरी नवी वडली. लागलं का?"

"बघतो," म्हणालो. तो गुडघा, आणि मी नुसतं बघतो म्हणालो.

आत्ता मन घट्ट करून फोन लावला. "आबा, वायरीचं काय न्हाई. चूक माझी हाय. मी खोटं बोललो."

पलीकडं वारा घोंगावत होता.

"बरं," म्हणाले. "थांब, आधी खाली उतरू दे. परत वरच हाय मी."