चक्रीफुलाचा अर्क

गिरीज,
शनिवार, १४ डिसेंबर २०२४

तीर्थस्वरूप द्वारकाकाकूंना पूर्वीचा नमस्कार.

इकडे सगळे बरे आहेत. बाबांचा खोकला कमी झालाय. वाडीत राजेळी केळ्यांचे दोन लोंगर उतरवले, आई तुमच्यासाठी सुकेळी बांधून ठेवणार आहे. तुमचा नातू स्वरूप दूध नीट पितो ना? काल रिद्धीताईला फोन केला तेव्हा मागे तो मोठ्याने रडत होता. ताई वैतागली होती, मला मात्र हायसं वाटलं. रडतोय म्हणजे जागा आहे.

गिरीजहून पापडी किती लांब, रिक्षाने आले असते, मग पत्र कशाला, असं तुम्ही म्हणाल. काकू, तुमच्याशी बोलायचं तर ओरडावं लागतं. ‘जेवलात का’ विचारलं तरी शेजारच्या घरातून ‘हो’ येतं. मला जे सांगायचंय ते ओरडून सांगता येणार नाही. हळू आवाजातही जमेल की नाही, माहीत नाही.

आधी एक वेगळीच गोष्ट सांगते. ऑक्टोबरात मी घरी एक अर्क करायला घेतला. बाजारातल्या इसेन्समध्ये काय काय असतं ते मी कॉलेजात शिकलेय, म्हणून मनात होतं की आपल्या बायकांनी घरच्या घरी खरा अर्क करावा, केकमध्ये, नानकटाईत, केळ्याच्या हलव्यात घालावा. चक्रीफुलं आणि बडीशेप खलबत्त्यात जाडसर कुटली, बरणीत भरली आणि वर व्होडका ओतली. वास आणि चव दारूतच नीट उतरते, पाण्यात नाही. व्होडका आमच्या शेजारच्या बॅप्टिस्टकाकांनी आणून दिली. देताना म्हणाले, “पूर्वी, तुझ्या बापाला सांगू नको हां, नायतर केक ऱ्हायला बाजूला, तो ग्लास घेऊन येईल.”

रोज सकाळी बरणी हलवायची, परत कपाटात ठेवायची. असे सहा आठवडे. मग मलमलच्या फडक्यातून गाळून घेतला. कोऱ्या चहासारखा रंग आणि इतका सुरेख वास! बॅप्टिस्टकाकांच्या घरी नाताळच्या केकसाठी एक बाटली द्यायची ठरली होती. दुसरी आमच्यासाठी.

बाटल्या नव्या आणायला हव्या होत्या. त्यातली एकच आणली.

हे लिहून मी उठले होते. हात धुऊन आले. आठवडाभर सारखे धुतेय, तरी बोटांना तो वास आहे असं वाटतं. आईने परवा चहात बडीशेप टाकली तर मला कप हातात धरवेना.

काकू, बारशाच्या दिवशीचं आठवतं? तुम्ही पुरचुंडीतून वेखंड, मुरुडशेंग, हळकुंड काढून सहाणेवर गुटी उगाळायला बसला होतात. मी सगळ्यांसमोर म्हटलं, “काकू, हे अंदाजाचं काम बंद करा. बाटलीतलं ग्राईप वॉटर द्या. लेबल वाचा, चमच्याने मोजा.” कल्पेशभावजी हसले. तुम्ही सहाण पुसून ठेवलीत आणि म्हणालात, “बरं बाय, तू शिकलेली, तू सांगशील तसं.” मला तेव्हा फार अभिमान वाटला होता. तुमचा नाही, माझा.

ताईला पापडीला पाठवताना बाळाची पिशवी आईने भरली. ओट्यावर ग्राईप वॉटरच्या दोन बाटल्या होत्या, तिने दोन्ही घातल्या. एकीत ग्राईप वॉटर होतं. दुसरी मी उकळून, सुकवून घेतलेली रिकामी बाटली होती, तिच्यात अर्क होता. जुनं लेबल पाण्याने निघेना, उद्या काढू म्हणून तसंच ठेवलं. मी, लेबल वाचा म्हणणारी! आणि बाटली दिसेना तेव्हा वाटलं, आईने बॅप्टिस्टकाकांकडे पोचवली असेल. विचारलंसुद्धा नाही.

गेल्या रविवारी तुमची पहिली बाटली संपली आणि तुम्ही दुसरी उघडलीत. वास शेपेसारखाच, लेबल बरोबर. लेबलावर लिहिलंय तसं अर्धा चमचा, तीन वेळा. तुम्ही मी सांगितलेलं तंतोतंत केलंत. संध्याकाळी बाळाची मान टाकल्यासारखी झाली, डोळे उघडेना, दूध ओढेना. त्याच्या पोटात दारू गेली होती, काकू. मी केलेली.

रविवार, १५ डिसेंबर, सकाळ

काल इथेच थांबले. पुढचं लिहायची हिंमत झाली नाही. एवढंच असतं तर ती चूक होती, आणि चूक मी सांगितली असती असं मला वाटतं. पण पुढचं चूक नाही.

सोमवारी बाळ दवाखान्यात असताना ताईचे कपडे न्यायला मी तुमच्या घरी आले होते. तुम्ही देवापुढे बसला होतात, मी आल्याचं तुम्हाला कळलं नाही. फडताळावर ती बाटली होती. चहाच्या रंगाची. झाकण उघडायच्या आधीच मला कळलं. तरी उघडून वास घेतला. मग मी बाटली पर्समध्ये टाकली, कपडे घेतले आणि निघाले.

त्याच संध्याकाळी डॉक्टरांनी सांगितलं, ज्यातून पाजलं ती बाटली आणून दाखवा. कल्पेशभावजींनी सगळं घर शोधलं. तुम्ही शपथ घेऊन सांगत होतात, “ग्राईप वाटरच दिलं रे, हितंच ठेवलेली बाटली.” आणि ते ओरडले, “आई, खोटं बोलू नको! काय उगाळून घातलंस त्याला?” तुम्हाला ऐकू जावं म्हणून अजून मोठ्याने ओरडले. अख्ख्या आळीने ऐकलं. मी ताईचा डबा घ्यायला परत आले होते, दारात उभी होते. बाटली माझ्या खांद्याला लटकत होती. मी गप्प राहिले.

का, ते सांगते, माफ करा म्हणून नाही. आमच्या घरात पदवी घेतलेली मी पहिली. माझा काळ्या झग्यातला फोटो बाबांनी बाहेरच्या खोलीत लावलाय, येईल त्याला दाखवतात. मला त्या फोटोची भीती वाटली. ताई मला परत बाळाला हात लावू देणार नाही याची भीती वाटली. आणि झालं काय, तर हात लावायची बंदी तुमच्यावर आली. ताई म्हणाली, तुम्ही आता पाळण्यापासून लांब भिंतीला टेकून बसता, आणि बाळ रडलं की आधी भावजींच्या तोंडाकडे बघता.

येत्या मंगळवारी बाळाच्या मेंदूची तपासणी आहे. कशाने गुंगी आली ते कळत नाही, म्हणून डॉक्टरांना फिटच्या झटक्याची शंका आहे. त्या तपासणीसाठी बाळाला झोपेचं औषध देतात. हे काल दुपारी कळलं, म्हणून लिहायला बसले. मी गप्प बसले म्हणून त्याला पुन्हा कोणीतरी चमच्याने झोपवणार. माझ्या भीतीपेक्षा हे मोठं आहे हे कळायला मला सहा दिवस लागले.

आज सकाळी दवाखान्यात फोन केला. डॉक्टर अकराला येतात. बाटली माझ्याजवळ आहे, उरलेल्या अर्कासकट. भावजी आले तर त्यांच्याबरोबर जाईन, नाहीतर एकटी.

पत्राच्या सुरुवातीला एक ओळ गिरवून खोडलेली दिसेल. तिथे मी काल लिहिलं होतं, ‘हे कोणी जवळ नसताना वाचा.’ सकाळी खोडली. काकू, तुम्ही पेपर वाचता तो दारातल्या कुत्र्यालाही कळतो. मनातल्या मनात वाचणं तुम्हाला जमत नाही, आणि किती मोठ्याने वाचता ते तुम्हाला कळत नाही. आज रविवार, भावजी घरी आहेत, ताई आत आहे. म्हणून हे पत्र पेटीत टाकलं नाही, तुमच्या हातात दिलं आणि म्हटलं, आत्ताच वाचा.

म्हणजे तुम्ही इथवर वाचेपर्यंत सगळ्यांनी ऐकलं असेल. मी अजून तुमच्या पडवीतच आहे. चपला काढलेल्या नाहीत. कोणी हाक मारली नाही तरी पळून जाणार नाही. आधी स्वरूपला तुमच्या मांडीवर द्यायला सांगा, मग मला काय बोलायचं ते बोला. मोठ्याने बोला.

खोटं तुम्ही बोलला नाहीत. मी बोलले, एक शब्दही न बोलता.

पूर्वी