तेल्हाऱ्याच्या मुलीला मी नापास केलं

प्रिय बाबा,

तुम्हाला जाऊन तीन वर्षं झाली, एकदाही लिहिलं नाही. आज लिहितेय, कारण मी जे केलं ते आईला सांगायची हिंमत होत नाही.

सोमवारी आमच्या अकोल्याच्या बियाणे कंपनीत प्रयोगशाळेसाठी मुलाखती होत्या. घेणाऱ्यांत मी होते. तेल्हाऱ्याची एक मुलगी आली. कपाशीचं बी कधी कधी का उगवत नाही, असं विचारलं. म्हणाली, "ओलं राह्यलं त बुरशी लागते जी. मी घरी गोणपाटात शंभर दाणे लावून पाह्यले." किती नेमकं उत्तर! पण शेजारचे साहेब तिच्या बोलण्यावर हसले. आणि बाबा, मीही हसले.

शेरा लिहिला, 'संवादकौशल्य कमी'. खाली माझी सही.

जाताना ती दारात थांबली. "मॅडम, माह्यं काही चुकलं का? सांगान त सुधारीन."

"कळवू तुम्हाला," मी म्हणाले.

तुम्ही रेल्वेत गँगमन. दिवसभर रुळांवर राबून संध्याकाळी आपल्या चांदूर रेल्वे गावातल्या बुद्धविहारात वस्तीतल्या पोरांना गणितं शिकवायचात. न समजता मान डोलावली की केवढे चिडायचात! "नाई समजलं त इचार. इचाराले लाज कायची?" त्या एका सवयीवर मी एमएस्सी झाले, नोकरीतही पुढे आले. आणि तीच सवय समोर उभी राहिली, तर मी तिला दार दाखवलं.

अमरावतीच्या कॉलेजात माझ्या 'मले-तुले'वर वर्ग हसला, तेव्हा मी रडत घरी आले होते. तुम्ही म्हणालात, "त्यायले तुही भाषा समजत नाई, त त्यायनं रडावं! तू काहून रडतं वो?" मी परत गेले, पण आपली बोली सोडून दिली. पुढे ऑफिसात तुमचा फोन आला की बाहेर जाऊन बोलायचे. तुम्हाला कळत होतं ना? मग एकदा तरी रागवायचं होतं!

आज शेरा बदलायला गेले. जागा दुसऱ्याला देऊन झाली होती. साहेब म्हणाले, "एवढं काय मनाला लावून घेता?"

"माझे वडील असंच बोलायचे," मी म्हटलं. इथल्या अकरा वर्षांच्या नोकरीत पहिल्यांदा.

रविवारी मी तेल्हाऱ्याला जाणार आहे. तिचं काहीच चुकलं नव्हतं, हे तिच्या आईवडिलांसमोर सांगीन. ती जे बोलेल ते सगळं ऐकून घेईन. मला माफ कर असा हट्ट मात्र धरणार नाही बाबा, माफी द्यायची की नाही हे तिनं ठरवावं.

तुमची,
सुजाता