गौरीच्या नैवेद्याचं मीठ

प्रिय अण्णा,

मागच्या पत्रात मी एक चूक लिहिली. मधुमेहानं आईच्या जिभेची चव मंदावलीय, नैवेद्य चाखायचा नसतो, त्यामुळे यंदा गौरीच्या आमटीत मीठ दुप्पट पडलं. पाहुण्यांसमोर तू म्हणालास, "आई, तुझी गौरी पाणी मागतेय बघ!" तेव्हा आई हसली, असं मी लिहिलं होतं. ती हसली नव्हती. त्या दिवसापासून तिनं पळी हातात घेतलेली नाही.

आता तुलाही मधुमेह निघालाय. परवा माझ्याकडे खारट भाजीवर तू वरून मीठ घेतलंस आणि म्हणालास, "जरा मीठ घालत जा गं!"

हे पत्र पाठवलं तर तू सावध होशील, म्हणून पाठवणार नाही. दुप्पट मिठाची आमटी मी तुझ्या सासऱ्यांनाही वाढीन. सगळ्यांचे घास अडकतील, तू एकटा आणखी मागशील आणि आई बघत असेल. येत्या गुरुवारी, माझ्याकडे दसऱ्याच्या जेवणाला.

तुझी,
रंजिता