हिरव्या ओकेखालची ओळ

बाबा, राग तुमच्यावर नाही, पण दुसऱ्या कुणासमोर एवढं चिडता येत नाही म्हणून तुम्हाला लिहितेय. मी अजून अंबरनाथच्या त्याच औद्योगिक वसाहतीत आहे, तुमच्या कारखान्यापासून दोन गल्ल्या सोडून. तुम्ही बॉयलर सांभाळायचात, मी केमिकल कारखान्याचे कॉम्प्युटर सांभाळते.

शुक्रवारी अजूनही वसाहतीला सुट्टी असते आणि शनिवारी सकाळी सगळं नव्यानं चालू करावं लागतं. तुमचा शनिवार मला आठवतो. मोरिवलीच्या घरून मी डबा घेऊन यायचे आणि दारातच थांबायचे. "पाणी?" तुम्ही विचारता. तुमचा कामावरचा जोडीदार बॉयलरमधलं पाणी दाखवणाऱ्या काचेच्या नळीजवळ वाकतो, बघतो आणि मगच "आहे" म्हणतो. एकदा तो जागेवरूनच "असेल" म्हणाला, तर तुम्ही बॉयलर पेटवलाच नाहीत. मॅनेजर येऊन ओरडला. तुम्ही वहीत लिहिलंत, 'पाणी पाहिलेले नाही, बॉयलर बंद', आणि डबा उघडून भाकरी खायला बसलात. घरीही तेच. गॅस बंद केला का विचारलंत, मी पुस्तकातून डोकं न काढता हो म्हटलं. "बघितलंस? नाय ना. मग बंद हाय असं कसं बोलतेस?" तेव्हा मला तुमचा भयंकर राग आला होता.

तुमच्या जोडीदाराचं काम आमच्याकडे एक फाईल करते. कॉम्प्युटर चालू झाला की ती एकेक प्रोग्राम सुरू करते आणि प्रत्येकानं आकड्यात उत्तर द्यायचं असतं. शून्य म्हणजे ठीक, पाच म्हणजे प्रोग्राम बसवलेलाच नाही, सहा म्हणजे त्याचं सेटिंग सापडत नाही. हे आकडे मानकात ठरलेले आहेत, माझ्या मनचे नाहीत. आमच्या फाईलमध्ये मात्र एक ओळ अशी होती की कुणी काहीही उत्तर दिलं तरी पुढे शून्यच कळवायचं. गेल्या शनिवारी वायुगळतीचा भोंगा वाजवणारा प्रोग्राम सुरूच झाला नाही. त्यानं बिचाऱ्यानं सहा सांगितलं, फाईलनं ते गिळलं आणि स्क्रीनवर हिरवं ओके आलं. अर्धी पाळी माणसं मुक्या भोंग्याखाली काम करत होती. शेवटी एका ऑपरेटरनं टेस्टचं बटण दाबलं आणि मला फोन केला, "मॅडम, भोंगा वाजत नाय. तुमच्याकडं तर ओके दाखवतंय." नशीब, वायू सुटला नव्हता.

मी ती ओळ काढून टाकली. आता एकही प्रोग्राम अडला तर स्क्रीन लाल होते आणि पाळी सुरू होत नाही. आज मिटिंगमध्ये मॅनेजर म्हणाले, "मॅडम, गुरुवारी ऑडिट आहे. लाल दिसलं तर मी काय उत्तर देऊ? जुनं परत टाका ना, इतकी वर्षं चालत होतं." ऑडिटच्या फॉर्मवर प्रश्न काय, तर यंत्रणा सुरू होताना यशस्वी असल्याचं कळवते का. ती ओळ असली की कळवते ना, कायमच कळवते. आंधळं दळतंय, कुत्रं पीठ खातंय, आणि वर पिठाला प्रमाणपत्र. डोकं फुटायची वेळ आली होती. मी सरळ सांगितलं, "सर, मी ती ओळ परत टाकणार नाही." मग त्यांनी विचारलं, मुळात ती टाकली कुणी? कुणीतरी म्हणालं, कॉम्प्युटरच्या जुन्या एजन्सीनं टाकली असेल. सगळ्यांनी माना डोलावल्या. मीही डोलावली.

ती ओळ माझी आहे, बाबा. बारा वर्षांपूर्वी तुम्ही उल्हासनगरच्या दवाखान्यात होतात. त्या दिवशी एका फालतू प्रिंटरचा प्रोग्राम सुरू होत नव्हता आणि त्याच्यापायी सगळी यंत्रणा अडली होती. ती सुरू झाल्याशिवाय मला निघता येत नव्हतं. मी ती एक ओळ टाकली, सगळं हिरवं झालं आणि मी रिक्षा पकडली. तुमच्याजवळ तासभर बसायला मिळालं, तो शेवटचाच तास. सोमवारी काढीन म्हटलं होतं. सोमवारी मी तुमचे कपडे आवरत होते, आणि नंतर ते राहूनच गेलं.

उद्या भोंग्याच्या घटनेच्या रिपोर्टमध्ये माझं नाव लिहिणार आहे, मग काय व्हायचं ते होवो. हा कागद मात्र माझ्या खणातच राहील, कारण एक गोष्ट मला त्या रिपोर्टमध्ये लिहिता येणार नाही. भोंग्याखालची ती माणसं डोळ्यांसमोर आहेत, तरीही तो दिवस परत आला तर मी ती ओळ परत टाकीन.